गुआमच्या जंगलाचा तोल केव्हाच सावरलाय

पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर अमेरिकी सरकारने हेलिकॉप्टरमधून मेलेले उंदीर टाकले, प्रत्येक उंदरात पॅरासिटामोल, आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर झाडावरचे साप मारायला! डिसेंबर २०१३ मधली ही बातमी अजून शिळी व्हायला तयार नाही. कोणीतरी ती पुन्हा उकरून काढतं आणि आपल्याकडच्या सर्पमित्र-निसर्गप्रेमी मंडळींत तोच वाद नव्याने पेटतो. एक गट हसतो : एवढा पैसा आणि एवढीच अक्कल? चार मुंगसं सोडली असती तर काम झालं असतं. दुसरा गट चिडतो : साप तिथे गेला तुमच्याच जहाजांतून, आता त्यालाच विष घालता? तिसरा गट सगळ्यांत शांत, म्हणून सगळ्यांत पटण्यासारखा. तो म्हणतो, माणसाने ढवळाढवळ थांबवावी, निसर्ग आपला तोल आपण सावरतो.

मला भांडायचंय ते या तिसऱ्या गटाशी. पहिल्या दोघांना उत्तर देणं फारसं कठीण नाही. तिसऱ्याचं म्हणणं मात्र इतकं सुसंस्कृत वाटतं की ते तपासून बघायची तसदी कोणी घेत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : गुआमच्या जंगलाचा तोल केव्हाच सावरला आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत निसर्गाला जे करायचं होतं ते त्याने करून दाखवलं. तिथे आज साप आहेत, सापांना पुरून उरेल इतकं खाणं आहे, आणि दोघांचं बरं चाललंय. रानपाखरं तेवढी नाहीत. ‘निसर्गावर सोपवा’ म्हणणाऱ्याने हा तोल आपल्याला मान्य आहे असं उघडपणे सांगावं. ते सांगायची तयारी नसेल तर साप मारावेत की नाही हा वादच संपतो. कुठले, किती, कशाने आणि काय वाचवण्यासाठी मारायचे, एवढंच ठरवायचं राहतं.

आधी साप कोणता ते पाहू. शास्त्रीय नाव बोइगा इर्रेग्युलॅरिस. आपल्याकडचा मांजऱ्या याच बोइगा प्रजातीतला, म्हणजे दोघे सख्खे नसले तरी चुलत भाऊ. तसेच मोठे डोळे, तशीच मांजरासारखी उभी बाहुली, मानेपेक्षा रुंद डोकं, सडपातळ अंग आणि रात्रीचा उद्योग. मांजऱ्या पाली-सरड्यांवर, सापडलंच तर एखाद्या पाखरावर गुजराण करतो, आणि घुबडापासून मुंगसापर्यंत त्याचा हिशोब ठेवणारेही रानात असतात. त्याने कुठली पक्ष्यांची जात संपवल्याचं कोणी ऐकलं नाही. गुआमचा साप त्याच्यापेक्षा लांब, दोन मीटरचा सहज होतो, कधी त्याहून मोठा. पण ऑस्ट्रेलियाची उत्तर आणि पूर्व बाजू, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं, सॉलोमन बेटं या आपल्या मूळ मुलखात तोही चारचौघांसारखाच राहतो. तिथल्या पाखरांच्या कित्येक पिढ्या सापाच्या शेजारात वाढल्या आहेत. गुआमच्या पाखरांवर ती वेळ कधी आलीच नव्हती. त्या बेटावर आधी साप म्हणून काय होता, तर गांडुळाएवढा वाळा.

दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यू गिनीजवळच्या मॅनस बेटावरच्या अमेरिकी तळावरचं साहित्य गुआमला हलवलं गेलं. त्या सामानात दडून, १९४० च्या दशकाच्या अखेरीस किंवा १९५० च्या सुरुवातीला हा साप तिथे उतरला असं मानलं जातं, आणि जनुकीय अभ्यासही मॅनसकडेच बोट दाखवतो. गुआमचं क्षेत्रफळ साधारण ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याहूनही कमी. पण या सापाला हवं ते सगळं त्यात होतं. दिवसा केवड्याच्या किंवा माडाच्या शेंड्यात, झाडाच्या ढोलीत, चुनखडीच्या कातळातल्या फटीत अंग चोरून पडायचं. अंधार पडला की फांद्याफांद्यांतून फिरायचं. माणसाच्या वस्तीचंही त्याला वावडं नाही. घराच्या छपरात, पाइपात, विजेच्या खांबावर तो सारख्याच निवांतपणे चढतो. १९७८ ते १९९७ या काळात सापांमुळे बेटावरची वीज १६०० पेक्षा जास्त वेळा गेली. त्याचं विष सौम्य, मोठ्या माणसाच्या जिवाला त्यापासून सहसा धोका नाही. पण पाळण्यातल्या बाळांना रात्री चावे बसले आणि काहींची प्रकृती गंभीर झाली.

पक्षी आधी दक्षिणेकडून कमी होऊ लागले, मग मधल्या भागातून, आणि १९८० च्या सुमारास उत्तर टोकाच्या रानात तेवढे उरले. संशय सापावर गेला नव्हता. डीडीटी असेल, एखादा रोग असेल, वादळं असतील, असे तर्क चालले होते. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने कीटकनाशकांचे अंश तपासले, रोगाचा माग काढला. दोन्हीकडून हाताला काही लागलं नाही. तुमच्या भागात साप कधीपासून दिसायला लागला, असं तिने बेटावरच्या लोकांना विचारलं, आणि सापाच्या पसाऱ्याचा नकाशा पक्ष्यांच्या ऱ्हासाच्या नकाशाशेजारी ठेवला. साप जिथे जिथे पोचला होता, तिथले पक्षी त्याच्या मागोमाग गेले होते. पिंजऱ्यांत लावे ठेवून पाहिले, तर तेही सापांनी गिळले. १९८७ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं तोवर उशीर झाला होता. एकटा साप अख्ख्या जंगलातली पाखरं संपवू शकतो, हे त्याआधी भल्याभल्या पक्षितज्ज्ञांच्या गळी उतरणारं नव्हतं. गावातले लोक मात्र तसं आधीपासून म्हणत होते. तज्ज्ञांना हे उशिरा कळावं याचं मला फारसं नवल वाटत नाही.

जंगलात राहणाऱ्या १२ देशी पक्ष्यांपैकी १० बेटावरून नाहीसे झाले. गुआमचा माशीमार पक्षी जगातूनच गेला. सिहेक हा तांबूस-निळा खंड्या १९८८ पासून रानात कुठेच नाही. त्याआधी पकडून नेलेल्या २९ पक्ष्यांवर त्याचा वंश प्राणिसंग्रहालयांत तगला. उडता न येणारी कोको ही पाणकोंबडीही अशीच मूठभर पक्ष्यांवरून पिंजऱ्यात वाढवावी लागली. आगा नावाचा कावळा गुआमवरून गेला, आता शेजारच्या रोटा बेटावर तेवढा आहे.

आता त्या तोलाकडे येतो. शाळेत आपण शिकलो ते असं : भक्ष्य कमी झालं की शिकारी उपाशी मरतो, शिकारी कमी झाला की भक्ष्य पुन्हा वाढतं, आणि झोका असा मागेपुढे होत राहतो. गुआमवर पाखरं संपत आली तेव्हा साप उपाशी का मेला नाही? कारण त्याचं पोट पाखरांवर अवलंबून नव्हतंच. बेटावर पाली होत्या, बाहेरून आलेल्या सापसुरळ्या होत्या, उंदीर-घुशी होत्या. आपल्या मोरीत फिरणारी चिचुंद्रीसुद्धा १९५० च्या दशकात तिथे जाऊन पोचली. सापाची पिल्लं पाली आणि सापसुरळ्यांवर वाढतात, मोठे झाले की उंदीर-पाखरांकडे वळतात. सापसुरळ्या भराभर वाढतात, कितीही खाल्ल्या तरी संपत नाहीत. वर्षाला एखाद-दुसरं पिल्लू वाढवणारं पाखरू त्या गतीला कुठून पुरणार? अंडी मिळाली तर ती वरकमाई, नाही मिळाली तर रोजची भाकरी आहेच. अशा व्यवहारात पाखरांची संख्या शून्यावर जाऊन थांबते आणि सापाचा एक घासही कमी होत नाही. ऐन भरात एका हेक्टरला ५० ते १०० साप होते. पुढे ते कमी झाले, पण संपण्याच्या वाटेला कधी लागले नाहीत.

पक्षी गेल्यावर जी जागा मोकळी झाली ती कोणी भरली, तर कोळ्यांनी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुआमच्या जंगलातली कोळ्यांची जाळी शेजारच्या रोटा, टिनिअन आणि सायपानमधल्या जंगलांशी ताडून पाहिली होती. पावसाळ्यात गुआमवर ती ४० पट भरली. पाऊलवाटेने जाताना हातातली काठी तोंडासमोर फिरवत चालावं लागतं, ते सापाच्या भीतीने नव्हे. झाडांचीही तीच गत. फळं खाऊन बिया लांब टाकणारं कोणी उरलं नाही, तेव्हा फळ पडतं ते आईच्याच बुंध्याशी आणि तिथेच सडतं. पक्ष्यांवर विसंबलेल्या दोन झाडांच्या बाबतीत नव्या रोपांचं रुजणं ६१ ते ९२ टक्क्यांनी घटलं असावं, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. म्हणजे आज हिरवंगार दिसणारं जंगल पुढच्या शंभर वर्षांत आतून बदलत जाणार. यालाही निसर्गाचा तोल म्हणता येतं. निसर्गाला सिहेक हवा होता आणि कोळी नको होते, असं तर कुठे लिहून ठेवलेलं नाही. आवडनिवड आपली आहे. मग ती आपली म्हणून मांडायला लाजायचं कशाला? स्वतःचा निर्णय निसर्गाच्या तोंडी घालायचा आणि आपण नामानिराळं राहायचं, यात मला नम्रता दिसत नाही.

गुआम हा अपवाद असता तर गोष्ट वेगळी. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर आपल्या कवड्या सापाचा एक भाऊबंद १९८० च्या दशकात मालाबरोबर उतरला. तिथल्या पाली आणि सापसुरळ्या पुढच्या काही दशकांत कोसळल्या, दोन जाती माणसांनी पिंजऱ्यात वाढवल्या म्हणूनच वाचल्या. स्पेनच्या इबिझा बेटावर बागेत लावायला मुख्य भूमीवरून जुनी ऑलिव्हची झाडं आणतात. त्यांच्या पोकळ बुंध्यांत दडून २००३ च्या सुमारास साप पोचला आणि तिथली बेटावरची खास पाल त्याच्या पुढ्यात आली. कुठल्याही बेटाने ‘थोडं थांबा, सगळं आपोआप ठीक होईल’ असा दाखला दिलेला नाही.

विरोधकांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं सगळ्यांत वजनदार म्हणणं ‘परका’ या शिक्क्याबद्दलचं आहे. एखाद्या प्राण्याला तो कुठून आला यावरून गुन्हेगार ठरवणं ही माणसातल्या जुन्या रोगाची निसर्गावर केलेली लागण नव्हे काय? २०११ मध्ये मार्क डेव्हिस आणि त्यांच्या १८ सहकारी परिस्थितीशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात हेच बजावलं होतं : जात कुठली आहे ते पाहू नका, ती काय करते ते पाहा. मला ते शंभर टक्के पटतं. आपल्या ताटातली मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू सगळंच बाहेरून आलेलं. त्यावर कोणाची तक्रार नाही. पण हीच कसोटी लावली तर गुआमचा साप सुटतो कसा? तो काय करतो हे पाहूनच तर निकाल लागला आहे. त्या शास्त्रज्ञांनीही, खरोखर उपद्रव करणाऱ्या जातींवर उपाय करू नका, असं कुठे म्हटलं नव्हतं. उलट बाजूचं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. पितृपक्षात आपण ज्याची आळवणी करतो तो गावकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला गेला, तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला आणि तिथल्या पाखरांच्या घरट्यांवर तुटून पडला. केनियाच्या वन्यजीव खात्याने २०२४ मध्ये वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे मारण्याचं जाहीर केलं तेव्हा आपल्याकडे काहींना ते फार लागलं. का? पिंडाला शिवणारा कावळा इथे पूर्वज आहे म्हणून मोंबासाच्या सुगरणींनी त्याला पिल्लं वाढून द्यायची का?

क्रूरतेचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही. साप मारणं म्हणजे प्राणी मारणंच. तो दुष्ट नाही, जे खातो ते भुकेपोटी खातो, आणि आला तो माणसाने आणला म्हणून. तरीही हे विष म्हणजे नेमकं काय ते जवळून बघायला हवं, कारण हेलिकॉप्टरच्या गमतीत ते बाजूलाच राहतं. नुकत्याच जन्मलेल्या उंदराचं मेलेलं पिल्लू घेतात. त्यात ८० मिलिग्रॅम पॅरासिटामोल, म्हणजे आपण तापाला घेतो त्या ५०० च्या गोळीचा जेमतेम सहावा हिस्सा. त्या मात्रेने सापाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि एक-दोन दिवसांत तो मरतो. पिल्लाला पुठ्ठा आणि कागदाची लांब फीत चिकटवलेली असते, ती खाली पडताना झाडाच्या शेंड्यात अडकते. जमिनीवर पडलं तर खेकडे आणि घोरपडी खातील. वर लटकलं तर वर राहणारा साप खाईल. बहुतेक सापांना जिवंत, हलती शिकार लागते, पण हा मेलेलंही बिनतक्रार गिळतो, आणि सगळी युक्ती त्याच्या या सवयीवर बेतलेली आहे. यात एक विषण्ण करणारी सोयही आहे. फांदीवरचा उंदीर पळवू शकला असता असा आगा कावळा गुआमच्या रानात उरलेलाच नाही. सापाने जंगल इतकं रिकामं केलंय की विष चुकून दुसऱ्याच्या तोंडी जाण्याची भीती त्यामुळेच कमी झाली. ही पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण दया मोजायचीच असेल तर घरट्यात गिळलेल्या पिल्लांचीही मोजा, आणि ते गिळणं सत्तर वर्षं रोज रात्री चालू होतं हेही धरा.

मुंगसाचा सल्ला देणाऱ्यांसाठी जास्त शब्द खर्च करायला नकोत, इतिहासाने ते काम करून ठेवलंय. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला. १८८३ मध्ये त्यांचेच वंशज हवाईला गेले. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. गाठ पडायची ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांशी. गुआमचा साप तर रात्रीचा आणि वरून झाडावरचा. मुंगूस तिथे काय करणार, बुंध्याशी बसून वाट बघणार? शत्रू आणून सोडणं कधीच जमत नाही असंही नाही. आपलं गाजर गवत बघा. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर माजलं. त्यावर मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. त्याआधी तो आणखी काय काय खातो याच्या चाचण्या झाल्या, तरीही सूर्यफुलावर दिसतो म्हणून पुढे काही वर्षं वाद चाललाच. एका गवतावरच्या एका किड्यासाठी एवढा जपून कारभार करावा लागतो. मुंगूस सर्वभक्षी, त्याला कोणती चाचणी लावणार?

‘आपले सर्पमित्र पाठवा’ हे त्यामानाने गोड सुचवणं आहे, आणि त्याला आधारही आहे. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतले दोन इरुळा सापपकडे फ्लोरिडाला गेले आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी १३ बर्मी अजगर पकडून दाखवले. पारंपरिक ज्ञानाला मिळालेली ती सलामी मनापासून आवडली. पण अजगराचा माग जमिनीवर उमटतो. बोटाएवढ्या जाडीचा, रात्री पानांआड हिंडणारा साप, तोही दहा-वीस लाखांच्या घरातला, हाताने वेचायचा म्हणजे आयुष्यं जातील.

मग राहतो व्यर्थतेचा आक्षेप. इतकी वर्षं, इतका पैसा, साप आहे तिथेच. इथे मी बरंच मान्य करतो. सगळं बेट सापमुक्त होईल असं आज कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. अँडरसन हवाई तळावर कुंपण घातलेल्या ५५ हेक्टर जंगलात वरून उंदीर टाकून साप खूप कमी झाले, संपले मात्र नाहीत. लहान साप उंदराला तोंडच लावत नाहीत, ते पालींवरच जगतात. सापाची चिकाटी काय असते ते तिथल्या सालींच्या निमित्ताने दिसलं. साली म्हणजे मैनेच्या कुळातला, तगून राहिलेला एक पक्षी. त्याच्या घरट्याच्या पेट्या खांबावर बसवल्या आणि साप चढू नये म्हणून खांबाला गुळगुळीत जाड नळकांडं घातलं. रात्रीच्या चित्रणात काय दिसलं? सापाने नळकांड्याभोवती अंगाचा मोठा फेरा घातला, शेपटी स्वतःच्याच अंगाला अडकवून फास पक्का केला, आणि त्या फासात बारीक बारीक वळणं सरकवत तो इंच-इंच वर जाऊ लागला. मध्येच घसरायचा, थांबायचा, धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. सापाची चढण्याची ही तऱ्हा त्याआधी नोंदलेलीच नव्हती. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अशा प्राण्याशी एका नळकांड्यावर लढाई जिंकता येत नाही, हे कबूल.

पण व्यर्थ म्हणणारे चुकीच्या ठिकाणी बघतात. गुआमवर किती साप मेले यापेक्षा गुआमबाहेर किती पोचले नाहीत, हा हिशोब मोठा आहे. हा साप खोक्यांत, विमानाच्या चाकांच्या खोबणीत अन्नावाचून दीर्घकाळ तग धरतो. टेक्सासमध्ये सापडलाय, स्पेनमध्ये, आपल्या हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियावरही सापडलाय. हवाईतल्या ओआहूवर १९८१ ते १९९८ या काळात आठ साप सापडले. हवाईचे पक्षीही सापाला अनोळखीच, तिथे तो रुजला असता तर दुसरं गुआम झालं असतं. १९९० च्या दशकापासून गुआमहून निघणाऱ्या मालावर आणि विमानांवर जॅक रसेल जातीचे छोटे कुत्रे हुंगत फिरतात, कुंपणांवर रोज रात्री पिंजरे लागतात, आणि हवाईत सापांची वसाहत अजून झालेली नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, हेलिकॉप्टरची होते. या पहाऱ्यातून साप निसटला की काय होतं तेही दिसलंय. गुआमच्या दक्षिणेला दोन-अडीच किलोमीटरवर कोकोस नावाचं चिमुकलं बेट आहे. साप नाहीत म्हणून २०१० मध्ये तिथे कोको पाणकोंबड्या सोडल्या. कोकोस आणि रोटावरच्या या पक्ष्यांमुळे २०१९ मध्ये ‘रानातून नामशेष’ या यादीतून तिचं नाव निघालं, आणि पक्ष्यांमध्ये असं भाग्य तिच्याआधी फक्त कॅलिफोर्नियाच्या गिधाडाला लाभलं होतं. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, कोकोसवर साप सापडले, पिल्लांसकट. (आपल्याकडे बँकॉकहून आलेल्या बॅगांत मुंबई विमानतळावर परदेशी साप-सरडे सापडतात तेव्हा ती बातमी आपण तस्करीची म्हणून वाचतो. पकडलेला साप ‘चांगलं रान आहे’ म्हणून शे-दीडशे किलोमीटरवर नेऊन सोडणाऱ्या सर्पमित्रांनीही कोकोसकडे एकदा पाहावं.)

शेवटचा आक्षेप चामोरो लोकांचा, म्हणजे गुआमच्या मूळ रहिवाशांचा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. १८९८ पासून त्यांचं बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९५० पासून ते अमेरिकेचे नागरिक आहेत, पण अध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही. चौथ्या हिश्श्याहून जास्त जमीन सैन्याकडे आहे. साप सैन्याच्या सामानातून आला, आणि आज तेच सैन्य पक्षीरक्षणाचा खर्च करताना नवा मरीन तळ आणि उत्तर टोकाला रिटिडियनजवळ गोळीबाराचं मैदान बांधण्यासाठी चुनखडीवरचं जुनं रान तोडतं. सापाकडे बोट दाखवलं की बुलडोझरकडे कोणाचं लक्ष जात नाही, असं त्यांच्यातले बरेच जण म्हणतात. यात खोटं काय आहे? मात्र यातून सापाला हात लावू नका हे निघत नाही. निघतं ते उलटंच. डिसेंबर २०२४ पासून ओकिनावाहून मरीन सैनिक गुआमला हलवायला सुरुवात झाली आहे, आणखी काही हजार यायचे आहेत. त्यांच्याबरोबर माल येणार आणि सरावासाठी तो टिनिअनला, इतरत्र जाणारही. हुंगणाऱ्या कुत्र्यांचा खर्च ही मग पर्यावरण खात्याची कृपा राहत नाही, ती त्या स्थलांतराची किंमत ठरते आणि सैन्यानेच ती पुरती मोजायला हवी.

दुसरी मागणी सिहेकची. २०२४ मध्ये नऊ सिहेक हवाईच्या दक्षिणेला दूर असलेल्या पामायरा या निर्मनुष्य प्रवाळबेटावर सोडले, कारण तिथे साप नाही. पुढच्या वर्षी त्यांनी अंडीही घातली. पामायरा हे त्यांचं घर मात्र कधीच नव्हतं. घरी आणायचं तर गुआमवर सापमुक्त रान लागेल, आणि ५५ हेक्टरांनी दाखवलंय की कुंपण, वरून टाकलेले उंदीर आणि पिंजरे मिळून ते निदान त्या दिशेने नेता येतं. लहान सापांचा प्रश्न सुटेपर्यंत ते अपुरं राहील, तर त्यावरच पैसा लावावा. रिटिडियनला जितके हेक्टर तोडले, निदान तितके हेक्टर कुंपणाआड साप काढून आधी द्या, मग पुढच्या झाडाला हात लावा, अशी अट घालायला चामोरो लोकांकडे आज कायद्याने फारसं काही नाही. अमेरिकी संसदेत त्यांचा जो एकमेव प्रतिनिधी बसतो, त्याला सभागृहात अंतिम मतदानाचा अधिकार नाही.